डब्यातली पुडी

झाकण उघडलं आणि आंबूस वास आला. बारीक खिळ्यांच्या डब्याला लोखंडाचा वास असावा, फार तर तेलाचा. हा चक्क व्हिनेगरचा होता. धाकट्याने आधी स्वतःची बोटं हुंगून पाहिली, मग डबा नाकाशी नेला. त्याचे स्वतःचे खिळे संपले होते म्हणून तीन आठवड्यांत पहिल्यांदाच त्याने फळीवरून दादाचा डबा काढला होता. त्याने तो टेबलावरच्या पुठ्ठ्यावर पालथा केला. आधी खिळे सांडले आणि खिळ्यांच्या मागून पांढऱ्या बारक्या गोळ्या. काहींच्या कडा झिजून पीठ झालं होतं, काहींना गंजाचा तांबूस रंग चढला होता. त्या कसल्या गोळ्या आहेत हे कळायला त्याला वेळ लागला नाही, कारण त्या या डब्यात पडतात हे त्याला ठाऊकच होतं. इतक्या असतील हे मात्र ठाऊक नव्हतं. तो बोटाच्या टोकाने एकेक गोळी खिळ्यांतून बाजूला सारू लागला. साठाच्या पुढे त्याने मोजणं सोडून दिलं. ढीग तेवढाच्या तेवढाच दिसत होता.

वय अठ्ठावन्न, अर्धे केस गेलेले, उरलेले पिकलेले, तरी गिऱ्हाईक त्याला ‘धाकटे’च म्हणायचं. फ्रेमच्या या दुकानात दोघे भाऊ जन्मभर समोरासमोर उभे राहिले. मोठा काच कापायचा, धाकटा लाकडाच्या पट्ट्या कापून कोपरे जुळवायचा. लग्न दादाचं झालं, धाकट्याचं राहून गेलं. का राहिलं हे कुणी विचारलं की तो म्हणायचा, “कोपरा जुळला नाही.” लोक हसायचे, तोही हसायचा, विषय मिटायचा. जेवण दादाच्या घरचं, झोपायला गल्लीच्या टोकाला स्वतःची खोली. वहिनी रोज दोन डबे भरून द्यायच्या. दादाच्या डब्यात सगळ्यात वर एक पुडी असे. बोटभर कागदाची, चार घड्यांची, आत एक गोळी. चार वर्षांपूर्वी दादाच्या छातीत दुखून हृदयाच्या नळीत जाळी बसवावी लागली, तेव्हापासूनची ती अ‍ॅस्पिरिन. डॉक्टरांनी बजावलं होतं, ही जन्माची सोबत, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, जेवणानंतर, रोज. बाकीच्या गोळ्या दादा सकाळ-संध्याकाळ घरी घ्यायचा. ही दुपारची तेवढी दुकानात यायची. वहिनींनी पुडीसाठी कागदाचे चौकोन आधीच कापून ठेवलेले असत, सगळे एका मापाचे. फ्रेमवाल्याची बायको शोभतेस, असं दादा त्यांना चिडवायचा.

आता तो ढीग बघताना धाकट्याने समोरचं काम बाजूला सारलं. स्टूल ओढून तो बसला. याला कारण नुसता ढीग नव्हता. सकाळी दुकानात येण्याआधी तो नेहमीप्रमाणे घरी डोकावला होता. दादा खिडकीशी खुर्चीत, उजवा हात उशीवर ठेवलेला, कुणीतरी विसरून गेलेल्या सामानासारखा. वहिनी त्याला भरवत होत्या. टेबलावर नव्या औषधांच्या पट्ट्या मांडलेल्या होत्या आणि त्यातली एक जशीच्या तशी होती, एकही खळगा फुटलेला नव्हता. धाकट्याने सहज विचारलं, “ही कुठली?”

“तीच जुनी. छोटी पांढरी,” वहिनी म्हणाल्या. “घरी आल्यापासून मी ती देत नाहीये.”

“डॉक्टरांनी लिहून दिलीय ना?”

“लिहिलीय. चार वर्षांपूर्वीही लिहिली होती. चार वर्षं या हातांनी बांधून दिली, भाऊजी, एक दिवस चुकवला नाही. काय झालं? व्हायचं ते झालंच. वर हातापायांवर निळे डाग, हिरड्यांतून रक्त. नको आता. जिने काही केलं नाही ती कशाला पोटात घालायची?” आणि त्यांनी दादाचं तोंड पुसलं. उजव्या बाजूने घास ओघळत होता. “हो ना हो?” त्या दादाला म्हणाल्या.

“नाही,” दादा म्हणाला.

तो आता एवढंच म्हणायचा. अर्धांगाच्या झटक्याने सगळे शब्द नेले आणि हा एक मागे ठेवला. चहा हवा का, नाही. आणि मग कप हातात घेऊन पिऊन टाकायचा. बरं वाटतंय का, नाही. आपण कोण, ओळखलं का, नाही. आणि डोळे मात्र ओळखीने भरून आलेले. त्यामुळे त्या ‘नाही’ला कुणी काही समजत नव्हतं. धाकटा ‘येतो’ म्हणून बाहेर पडला. रस्त्याने चालताना त्याने स्वतःची समजूत घातली की संध्याकाळी बोलू, डॉक्टरांना फोन करू, काहीतरी करू. मग दुकान उघडलं, एक अर्धवट फ्रेम पुढ्यात घेतली, खिळे संपले, आणि आता हा ढीग.

रुग्णालयातला तो दिवस त्याला आठवायचा नव्हता, म्हणूनच तो आठवला. लांब खोली, पडद्यांनी पाडलेले कप्पे, एका कप्प्यात दादा. तरुण डॉक्टरीण कागदावर लिहिता लिहिता विचारत होती, “रक्त पातळ ठेवायची गोळी नियमित चालू होती?” वहिनी ताठ उभ्या राहून म्हणाल्या, “एक दिवस चुकवलेली नाही. मी स्वतः देत होते.” डॉक्टरणीने मान वर करून धाकट्याकडे पाहिलं. तिला काही संशय होता असं नाही. दोन माणसं समोर उभी असली की दुसऱ्याकडेही बघतात, तेवढंच. आणि धाकट्याने मान हलवली. होय अशी हलवली. एवढीशी मान हलवण्यात काय ते त्याचं आयुष्य आलं. “होतं असं,” ती म्हणाली, “गोळी चालू असतानाही गुठळी होते कधीकधी. गोळीने धोका कमी होतो, संपत नाही.” बाईचं म्हणणं खरंच असेल. पण वहिनींनी त्यातून घरी नेलं ते एवढंच, की गोळी कुचकामी आहे. आणि धाकट्याला तेव्हा हायसं वाटलं होतं. चालू असतानाही होतं म्हणजे बंद होती म्हणून झालं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. या एका वाक्याच्या आडोशाला तो तीन आठवडे बसून होता. आज सकाळी गोळीच बंद करून वहिनींनी तो आडोसा काढून घेतला, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

तसं पाहिलं तर सगळी सुरुवात एका थेंबापासून झाली. गोळी सुरू झाल्यापासून दादाला काच लागली की रक्त थांबायचं नाही. काच कापणाऱ्याला काच लागणं म्हणजे स्वयंपाक करणाऱ्याला चटका बसणं; पूर्वी दादा अंगठा तोंडात घालायचा आणि पुढच्या काचेला लागायचा. आता बोटाला चिंधी बांधली तरी अर्धा तास चिंधी ओली. तो वैतागायचा. हिरकणीने काचेवर रेघ ओढताना त्याचा हात बिचकू लागला. कोपऱ्यातल्या टोपलीत तांबड्या चिंध्या साठायच्या आणि गिऱ्हाइकांनी पाहू नये म्हणून धाकटा त्यांच्यावर पुठ्ठ्याचे तुकडे टाकायचा. मग आठ महिन्यांपूर्वी एक बाई आली. तिने मोठ्या वहीच्या पुठ्ठ्यांमध्ये जपून ठेवलेला एक कागद काढला. लहान मुलीने रंगीत पेन्सिलींनी काढलेलं घर, दार छपराएवढं उंच, आणि वर आकाश कोरंच सोडलेलं. “रंगवायचं राहिलंय तिचं,” बाई म्हणाली. दादा म्हणाला, “मग रंगवून झालं की आणा की, घाई काय आहे?” बाई म्हणाली, “ती गेली. चार महिने झाले.” अगदी साध्या आवाजात, दुकानाचा पत्ता सांगावा तशी.

त्या फ्रेमची काच दादाने दोनदा कापली, पहिली त्याला पसंत पडेना. दुसरी बसवताना तिच्या कडेने अंगठा कापला. त्याने चिंधी बांधली, फ्रेम उलटी केली, आणि त्या उलटसुलट करण्यात एक थेंब कागदावर पडला. बरोबर कोऱ्या आकाशात. धाकट्याने टिपकागद दाबला, कापूस फिरवला, चाकूच्या टोकाने खरवडून पाहिलं. डाग फिकट झाला, गेला नाही. बाई न्यायला आली तेव्हा दादाने काही लपवलं नाही, बोट ठेवून दाखवलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने नुसतं विचारलं, “हे पुसता येणार नाही?” दादा म्हणाला, “नाही.” त्या दिवशीचं ते ‘नाही’ त्याला म्हणता येत होतं, हवं तेव्हा हवं तसं. बाई फ्रेम छातीशी धरून निघून गेली आणि दादा संध्याकाळपर्यंत हातात हिरकणी घेऊन बसून राहिला. एकही काच कापली नाही. धाकट्याला ते बघवेना. त्या वेळी एका महाविद्यालयाच्या नव्या इमारतीसाठी एकशेचाळीस फ्रेम करायच्या होत्या, काम अंगावर येऊन पडलं होतं, आणि मोठा असा देव पावला नाही तसं तोंड करून बसलेला. धाकटा झाडू मारत होता. झाडता झाडता, मान वर न करता तो म्हणाला, “दाताच्या वेळी बंद केली होतीस ना गोळी आठवडाभर? काय झालं? काही नाही. तशीच कर की आता, एवढं काम होईपर्यंत.”

दाताच्या वेळची गोष्ट निराळी होती. दाढ काढायची म्हणून दातांच्या डॉक्टरांनी हृदयाच्या डॉक्टरांना विचारून गोळी थांबवली होती, आणि वहिनींनी आठव्या दिवशी ती पुन्हा पुडीत बांधून दिली होती. धाकट्याने त्यातलं आपल्या सोयीचं तेवढं उचललं. काम करणाऱ्या माणसाचा हिशेब हा. पट्टी वाकडी गेली तर रंधा मारायचा, कोपरा उघडा पडला तर लांबीचा लगदा भरायचा, रक्त थांबत नाही तर ज्याने थांबत नाही ते बंद करायचं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर दादाने पुडी उघडली, गोळी तळहातावर घेतली आणि धाकट्याकडे पाहिलं. धाकट्याने पट्टीचं माप पुन्हा एकदा घेतलं, घेतलेलंच. टक् असा आवाज आला, गोळी खिळ्यांच्या डब्यात पडल्याचा. मग दादाने तो कागद पहिल्याच घड्यांवर पुन्हा दुमडला आणि रिकाम्या जेवणाच्या डब्यात ठेवून झाकण लावलं. यावर दोघांत एक शब्द झाला नाही, ना त्या दिवशी ना पुढे.

आणि खरं सांगायचं तर पुढचे महिने सुखाचे गेले. हेच धाकट्याला आता सगळ्यात जड जात होतं. पंधरा दिवसांत दादाचे जुने हात परत आले. तो काच अशी कापू लागला की रेघ ओढल्यावर नुसती टिचकी मारावी आणि तुकडा अलगद हातात यावा. शीळ घालायचा. धाकट्याच्या कोपऱ्यांना नावं ठेवायचा, “यातून उंदीर जाईल रे.” एकशेचाळीस फ्रेम वेळेआधी गेल्या. त्यानंतर पुडीचं काय झालं हे धाकट्याने बघितलं नाही. म्हणजे त्या वेळेला तो हात धुवायला मागच्या मोरीवर जायचा. नळाच्या पाण्यात टक् ऐकू येत नाही. काम संपलं म्हणजे दादाने सुरू केलीच असणार, असं तो मनाशी म्हणायचा, आणि विचारायचा नाही. विचारलं असतं तर दादाने सांगितलं असतं, तो खोटं बोलणारा नव्हता. म्हणूनच विचारलं नाही. मग तीन आठवड्यांपूर्वी सकाळी अकराच्या सुमाराला दादाच्या हातून हिरकणी पडली. ती उचलायला त्याने डावा हात पुढे केला आणि काहीतरी म्हणाला. नुसता घरंगळता आवाज. धाकट्याने हसून विचारलं, “तोंडात खिळे धरलेस का?” खिळे ओठांत धरून बोलायची दोघांची सवय, त्यामुळे तो हसला, आणि वर पाहीपर्यंत हसत राहिला. किती वेळ हसलो असू, हे तो रोज मनात मोजून बघतो.

दुपार टळत आली होती. त्याने गोळ्या एका कागदात गुंडाळून खिशात घातल्या आणि दुकानाला कुलूप लावलं. कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे त्याचे पाय आपोआप वळले. काउंटरवरचा जाड चष्म्याचा माणूस ओळखीचा होता. धाकट्याने आडून आडून विचारलं, एखाद्याने ही गोळी बंदच केली तर? “बंद कशाला करतील?” औषधवाला म्हणाला. “एकदा झालंय त्यांना तर मुळीच नको. पुन्हा गुठळी झाली तर उरलंसुरलंही जाईल. घरात कुणाला शंका असेल तर डॉक्टरांशी बोलायला सांगा, पण मनाने थांबवू नका म्हणावं.” धाकट्याला जरा धीर आला. हेच सांगू. औषधवाला म्हणाला म्हणून सांगू, पाहिजे तर डॉक्टरांना फोन लावून देऊ, आपलं नाव मध्ये यायचं काही कारण नाही. जिना चढेपर्यंत त्याने वाक्यं नीट लावूनही ठेवली होती.

वहिनी पलंगावर बसून धुतलेल्या टॉवेलांच्या घड्या घालत होत्या. दादा खिडकीशी होता. भाऊ अवेळी आलेला पाहून तो “नाही, नाही” म्हणाला आणि डाव्या ओठाने हसला.

“दुकान बंद केलंत इतक्यात?” वहिनींनी विचारलं. “बरं नाही का तुम्हाला?”

“मी बरा आहे. त्या गोळीचं विचारून आलो. औषधवाला म्हणतो, थांबवायची नाही. डॉक्टरांशी बोला म्हणतो. मी लावून देतो फोन.”

“काय सांगणार डॉक्टर? घ्या म्हणूनच सांगणार. त्यांचं काय जातं?” वहिनींचा आवाज चढला नाही. “तुम्ही असं करा भाऊजी, मला एक सांगा. रोज घेत होते की नाही? तुमच्यासमोरच घेत होते ना? मग एवढी घेऊन हे असं झालं, तर त्या गोळीत काय आहे ते तुम्हीच सांगा मला.”

आता दोनच वाटा होत्या. मूग गिळून बसायचं आणि एक दिवस पुन्हा पडद्यांच्या त्या खोलीत उभं राहायचं, किंवा तोंड उघडायचं. दारातलं पायपुसणं वाकडं झालं होतं, ते त्याने पायाने सरळ केलं. मग म्हणाला, “घेत नव्हता, वहिनी.”

“कोण?”

“दादा. सात-आठ महिने दुपारची गोळी घेतली नाही त्याने. खिळ्यांच्या डब्यात टाकायचा.” खिशातला कागद काढून त्याने टॉवेलांशेजारी उघडला. आंबूस वास खोलीत पसरला.

वहिनींनी गोळ्यांना हात लावला नाही. शेजारचे टॉवेल तेवढे बाजूला ओढले. मग म्हणाल्या, “आणि कागद? रोज कागद रिकामा यायचा.”

“घडी घालून परत ठेवायचा.”

“तुमच्यासमोर?”

“हो.”

“मी तो कागद रोज उघडून बघायची,” वहिनी म्हणाल्या. “डबा घासायला घ्यायच्या आधी. रिकामा दिसला की बरं वाटायचं. यांच्या हृदयातलं मला काय कळतं? काचेतलं कळत नाही, कामातलं कळत नाही. आपल्याकडून होण्यासारखं तेवढं एक होतं. ते करतेय, असं वाटायचं.” त्यांनी हातातला टॉवेल उलगडला आणि पुन्हा घडी घालायला घेतली. “कुणाच्या डोक्यातून निघालं हे?”

यावर उत्तर टाळता येण्यासारखं होतं. दादाला बोलता येत नव्हतं. सगळं त्याच्या अंगावर टाकून मोकळं व्हायला कुणीच आडवं आलं नसतं. धाकट्याने खिडकीकडे पाहिलं. दादा त्याच्याकडेच बघत होता, आणि डावा हात खुर्चीच्या दांड्यावर वळला होता.

“माझ्या,” धाकटा म्हणाला. “मीच म्हणालो त्याला, बंद कर म्हणून. रक्त थांबत नव्हतं, काम अडत होतं. आणि दवाखान्यात तुम्ही सांगत होतात तेव्हा मी मान हलवली.”

“नाही,” दादा म्हणाला. मग जोराने, “नाही. नाही. नाही.” त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या गेल्या. तो धाकट्याला सोडवत होता की गप्प बसवत होता की त्याच्याकडे दुसरं काही उरलंच नव्हतं, हे सांगणं अवघड होतं. धाकट्याला रडू फुटलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दारात उभा राहून हमसून हमसून रडला, आणि त्याला उगी करायला कुणी उठलं नाही.

वहिनी उठल्या त्या वेगळ्याच कामाला. टेबलावरची ती न फोडलेली पट्टी घेतली, पाण्याचा पेला भरला, आणि दोन्ही धाकट्यासमोर स्टुलावर ठेवलं. “द्या,” त्या म्हणाल्या.

“वहिनी, तुम्ही...”

“मी नाही. रोज दुपारी दुकानाला कुलूप लावून यायचं आणि तुमच्या हातानं द्यायची. डावीकडून पाजा, उजवीकडून ठसका लागतो. माझ्या हातची देऊन झाली.” दादाकडे त्यांनी पाहिलं नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडला.

धाकट्याने डोळे पुसले. पट्टीचा एक खळगा फोडला. गोळी त्याने दादाच्या जिभेवर ठेवली, पेला डाव्या ओठाला लावला. दादाने एक घोट घेतला, थांबला, दुसरा घेतला. गळ्याची घाटी वर गेली आणि खाली आली. झालं. धाकटा पेला बाजूला ठेवणार एवढ्यात दादाने मान स्वयंपाकघराच्या दाराकडे वळवली आणि तोंड उघडलं. जेवढं उघडता येईल तेवढं, वाकडंतिकडं. जीभ वर उचलली, मग बाहेर काढली, मग गालात फिरवून पुन्हा तोंड उघडलं. आत काही नाही, हे दाखवत होता तो. दारातून वहिनींची पाठ दिसत होती. त्या एकच कप घासत होत्या.

“वहिनी,” धाकट्याने हाक मारली. “वहिनी, बघा, घेतली त्याने.”

नळ चालूच राहिला. दादा तोंड उघडून तसाच बसून होता.